बी कुणाची, गर कुणाचा

वेंगुर्ले,
२२ नोव्हेंबर, रात्री

चि. बाय हीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा दारात टेम्पो उभा होता आणि हमाल खोळंबले होते, त्यामुळे तुझं पुरतं ऐकून घेता आलं नाही. पण तुझं एक बोलणं दोन दिवस डोक्यातून जात नाही. "आई, मला अर्थपानावर टाकलंय. नुसती आकडेमोड. राजकारणावर लिहिणाऱ्यांना सगळे ओळखतात, आमचं पान लोक उलटतात आणि थेट क्रिकेटवर जातात." आवाज इतका उतरला होता तुझा, की बाबांना मी काही बोलले नाही. फोनवर समजवायला गेले असते तर तू "हो गं आई, हो" करून विषय संपवला असतास. म्हणून हे पत्र. एका बैठकीत वाचून झालं नाही तरी चालेल.

तुझी काजूवरची बातमी आम्ही वाचली. बाबांनी कात्रण कापून टेबलाच्या काचेखाली ठेवलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवतात. कच्च्या काजू बीवरचं आयात शुल्क काढून टाका, अशी कारखानदारांची मागणी. २०१८ च्या अर्थसंकल्पात ते पाचावरून अडीच टक्क्यांवर आलं, हेही तू बरोबर दिलंस. मी बातमी तीनदा वाचली. वाचताना मला कुठेतरी रिकामं वाटत होतं, आणि ते काय हे कळायला तिसरं वाचन लागलं.

आपल्या तालुक्यात ज्यांच्या काजूच्या बागा आहेत ते बागायतदार नेमकी उलट मागणी करतात. शुल्क वाढवा म्हणतात, कारण बाहेरची बी बंदरात उतरली की इथल्या बीचा भाव पडतो. ते तुझ्या बातमीत नाहीत. आणि टेबलावर बसून बी फोडणाऱ्या बायका तर कुणाच्याच पत्रकात नसतात, ना कारखानदारांच्या, ना बागायतदारांच्या. मी स्वतः कारखाना चालवते, बाहेरची बी घेते. म्हणजे तुझी बातमी माझ्या सोयीची होती. तरी तुला सांगते, ती अर्धीच होती.

आता आजची तारीख वर का लिहिली ते सांगते.

तू जन्मायच्या आधी आपला कारखाना म्हणजे मागची पडवी आणि वर पत्रे, एवढाच होता. आपली बी फाल्गुनात सुरू व्हायची, मिरगापर्यंत संपायची. पोत्यांत साठवलेली दिवाळीपर्यंत पुरली तर पुरली. पुढे चार महिने बायका घरी. आजी त्यांना रिकाम्या हाताने पाठवायची नाही, पण तांदूळ देऊन वर्ष निघत नसतं. १९९७ च्या डिसेंबरात गोव्याच्या एका दलालाने पहिल्यांदा आफ्रिकेची बी आणून दिली. ऐंशी किलोचं तागाचं पोतं, दोघांनी धरल्याशिवाय हलत नव्हतं. बी आपल्यापेक्षा लहान, पण आत गर भरलेला. पोत्यावर निळ्या शाईत मोठी अक्षरं होती. मी बी.कॉम. झालेली, इंग्रजी येत होतं, पण ती इंग्रजी नव्हे. शेवटचा शब्द मात्र मी वाचला आणि हसले. काजू. तिथेही काजूच म्हणतात.

दलाल म्हातारे होते. जन्म गोव्याचा, तरुणपण मोझांबिकमधल्या बैरा बंदरात गेलं, १९७५ साली तो देश स्वतंत्र झाल्यावर परत आले. त्यांनी मला समजावलं की पोर्तुगिजांनी हे झाड ब्राझीलमधून आणलं आणि गोव्यातही लावलं, मोझांबिकमध्येही. म्हणजे या बिया एकाच घरच्या, दोन किनाऱ्यांवर वाढलेल्या. तिथला हंगाम ऑक्टोबर ते जानेवारी. आपल्याकडचा संपतो आणि तिकडचा उभा राहतो. त्या वर्षी पहिल्यांदा आपल्या बायका मार्गशीर्ष-पौषात कामावर आल्या. मला फार आनंद झाला होता, बाय. मी वहीत लिहून ठेवलं होतं, अकरा जणींना चार महिने जास्तीचं काम.

तीन वर्षांनी, डिसेंबर २००० मध्ये, हेच दलाल आले ते ओसरीवर बसूनच राहिले. चहा निवला. म्हणाले, मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोत, एका पत्रकाराला गोळ्या घालून मारलं, कार्लोस कार्दोझ नाव. आडनाव गोव्यात घरोघरी असलेलं, मला वाटलं यांचे कुणी नातेवाईक. ते म्हणाले, नाही, पोर्तुगीज आईबापांचा मुलगा, पण बैरातच जन्मलेला आणि मोझांबिकचाच झालेला. मग म्हणाले, "तुमच्याकडे ही बी येते ना, ती कच्ची बाहेर पाठवू नका म्हणून हा माणूस वर्षानुवर्षं लिहीत होता."

मला त्या दिवशी कसं झालं ते आज पंचवीस वर्षांनीही सांगता येत नाही. मागे पडवीत कटरचा खटखट आवाज चालू होता आणि त्या आवाजाच्या दुसऱ्या टोकाला कुणी माणूस होता, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. तेव्हापासून मला जे जे मिळालं ते मी वाचत गेले. आधी दलालांनी आणून दिलेलं आणि वाचून दाखवलेलं, पुढे तू इंटरनेट लावून दिल्यावर माझं मी.

कार्दोझ १९५१ चे. शिकायला दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथल्या वर्णभेदाविरुद्धच्या चळवळीत पडले म्हणून त्या सरकारने १९७५ मध्ये त्यांना देशाबाहेर काढलं. ते नव्याने स्वतंत्र झालेल्या मोझांबिकमध्ये आले आणि पत्रकार झाले. आधी साप्ताहिक, मग रेडिओ, मग सरकारी वृत्तसंस्थेचे मुख्य संपादक. सरकार त्यांना आपलं वाटत होतं, तरी १९८२ साली युद्धाबद्दल लिहिलेलं सरकारला रुचलं नाही तेव्हा सहा दिवस तुरुंगात काढले. सुटले आणि पुन्हा त्याच खुर्चीत बसून काम सुरू. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचं विमान दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत पडलं, त्याचाही पाठपुरावा त्यांनी सोडला नाही. त्या विमानात गोव्यात जन्मलेले आकीनो द ब्रागांसाही गेले, माशेल यांचे सल्लागार आणि स्वतः पत्रकार. दलाल त्यांचं नाव घेताना अजून उभे राहायचे.

१९८९ मध्ये कार्दोझांनी नोकरी सोडली. काही काळ चित्रं काढली. १९९० मध्ये नवी राज्यघटना होत होती, त्यात वृत्तपत्रस्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत यावं म्हणून त्यांनी आणि सोबतच्या पत्रकारांनी लावून धरलं, आणि १९९१ मध्ये तसा कायदा झाला. पुढचं मला फार आवडतं. छापखाना काढायला पैसे नव्हते. मग १९९२ मध्ये या मंडळींनी सहकारी संस्था काढली आणि रोज थोडी पानं टाइप करून वर्गणीदारांना फॅक्सने पाठवायला सुरुवात केली. कागदाचा खर्चसुद्धा वाचणाऱ्याचा! १९९७ मध्ये कार्दोझांनी स्वतःचं वेगळं पत्रक काढलं, तेही फॅक्सवर जाणारं. नाव ठेवलं 'मेतिकाल'. मेतिकाल म्हणजे त्यांचा रुपया. बघ, तू ज्या आकडेमोडीला कंटाळलीस तिचंच नाव त्या माणसाने आपल्या पत्राला दिलं.

आता काजूचं सांगते, कारण इथे मला बोलायचा अधिकार आहे.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जगात सगळ्यांत जास्त काजू मोझांबिकमध्ये पिकायचा, वर्षाला दोन लाख टनांच्या वर. मग यादवी युद्ध आलं, १९९२ पर्यंत चाललं. झाडं म्हातारी झाली, नवी कुणी लावली नाहीत, पीक कुठल्या कुठे खाली आलं. तरी कारखाने होते. मोठे, यंत्रांचे, आणि हजारो कामगार, त्यांत पुष्कळ बायका. कच्ची बी बाहेर न्यायची तर सरकार जबर कर लावायचं, म्हणजे बी देशात राहायची आणि कारखान्याला मिळायची. सरकारने हे कारखाने १९९४-९५ च्या सुमारास तिथल्याच उद्योजकांना विकले. आणि लगोलग जागतिक बँकेने अट घातली की निर्यातीवरचा कर कमी करा, नाहीतर कर्ज विसरा.

बँकेचा मुद्दा तू नीट समजून घे, तो फेकून देण्यासारखा नव्हता. त्यांचं म्हणणं असं की करामुळे शेतकऱ्याला भाव कमी मिळतो, तो गरीब आहे, आणि त्याच्या जिवावर अवाढव्य यंत्रांचे ढिसाळ कारखाने चालतात. त्या यंत्रांत गर फार फुटायचा. गर फुटला की निम्मा भाव गेला, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. भारतात हाताने फोडलेला गर अखंड निघतो, भारतीय व्यापारी कच्च्या बीला जास्त देतो, तर शेतकऱ्याने त्यालाच का विकू नये? मी बँकेच्या जागी असते तर कदाचित हेच बोलले असते. कागदावर हिशेब जुळतो.

कार्दोझांनी तो कागद घेतला आणि त्याच्या बाहेर काय आहे ते विचारायला सुरुवात केली. जास्तीचा भाव खरंच झाडाखाली उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचतो का, की मधला व्यापारी गिळतो? कच्ची बी घेणारा जवळजवळ एकटा भारत, मग उद्या इथले कारखाने मेल्यावर भाव कोण ठरवणार? कामावरून गेलेल्या बायकांचा हिशेब कुठल्या रकान्यात? हे प्रश्न ते लिहीत राहिले. वर्ष उलटलं, शिष्टमंडळं येऊन गेली, बाकीच्यांना विषय जुना वाटायला लागला, तरी त्यांच्या पानांवर काजू होता. १९९७ मध्ये बँकेच्या संमतीने झालेल्या अभ्यासानेही हे धोरण थांबवा असंच सुचवलं. १९९९ मध्ये तिथल्या संसदेने कच्च्या बीच्या निर्यातीवर १८ ते २२ टक्के अधिभार लावण्याचा कायदा केला. तोवर उशीर झाला होता. २००१ पर्यंत बहुतेक मोठे कारखाने बंद पडले आणि आठ हजारांहून जास्त कामगार घरी बसले.

त्यानंतर दानी रॉड्रिक आणि त्यांच्या दोन सहकारी अर्थतज्ज्ञांनी सगळा हिशेब पुन्हा मांडला. करकपातीमुळे काजू लावणाऱ्या सरासरी कुटुंबाला वर्षाला जास्तीत जास्त किती मिळाले असतील, तर ५ डॉलर ३० सेंट. त्या वेळच्या भावाने जेमतेम अडीचशे रुपये. वर्षाला, बाय. त्या आकड्यावर मी रात्री बोट ठेवून बसले होते. कारण दुसऱ्या बाजूला माझी वही होती, अकरा जणींना चार महिने जास्तीचं काम. दोन्ही आकडे खरे. माझ्या वहीतला आकडा ज्या बीवर उभा होता, त्याच बीमुळे दुसऱ्या किनाऱ्यावरच्या कुणाच्या तरी वहीतून तेवढेच महिने खोडले गेले होते. मी बी घेणं थांबवलं नाही, हेही तुला सांगते. अकरा घरं होती. पण मी पोत्याकडे पूर्वीसारखं कधी बघू शकले नाही, आणि ते बरं झालं असं मला वाटतं.

पुढे तिथे नाम्पुला भागात लहान कारखाने पुन्हा उभे राहिले, मोठ्या यंत्रांऐवजी आपल्यासारख्या हाता-पायाच्या कटरवर चालणारे. हे वाचलं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली.

कार्दोझांना मारलं ते मात्र काजूमुळे नाही. ते मारले गेले एका बँकेच्या प्रकरणामुळे, आणि तेही तुझ्याच पानाचं काम होतं.

१९९६ मध्ये मोझांबिकची एक मोठी सरकारी बँक खाजगी हातात जाणार होती. विक्रीच्या तोंडावर तिच्या एका शाखेतून १४ दशलक्ष डॉलरइतके पैसे काढले गेले. पद्धत ऐकलीस तर वाटेल की एवढं सोपं असतं का. खाती उघडायची, मागे पैसे नसलेले चेक भरायचे, आतल्या माणसाने ते वटले असं दाखवायचं, आणि रोकड उचलून न्यायची. कोण, कुठली शाखा, कधी, सगळं माहीत होतं. खटला मात्र उभा राहत नव्हता. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायची आणि तिथे झोपायची. बँकेच्या वकिलावर १९९९ मध्ये गोळी झाडली गेली, ते थोडक्यात वाचले. कार्दोझ दर थोड्या दिवसांनी लिहीत, नावानिशी, की हा खटला कुठे अडलाय आणि कुणी अडवलाय.

२२ नोव्हेंबर २००० ला संध्याकाळी ते कार्यालयातून निघाले. रस्त्यात गाडी अडवून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते जागीच गेले, त्यांचा ड्रायव्हर जबर जखमी झाला. ४९ वर्षांचे होते. आज मी त्यांच्याहून मोठी आहे.

मारेकऱ्यांवर आणि सुपारी देणाऱ्यांवर खटला चालला तो तुरुंगाच्या आवारात तंबू ठोकून, आणि सगळ्या देशाने तो रेडिओवर, टीव्हीवर ऐकला-पाहिला. जानेवारी २००३ मध्ये सहा जणांना प्रत्येकी २३ वर्षांहून जास्त शिक्षा झाली. त्यांतला एक निकालाआधीच तुरुंगातून पळालेला होता. मधल्या काळात, ऑगस्ट २००१ मध्ये, दुसऱ्या एका बुडत्या बँकेची वसुली करायला मध्यवर्ती बँकेने पाठवलेला एक तरुण अर्थतज्ज्ञ, अंतोनियो सिबा-सिबा माकुआकुआ, त्याला बँकेच्या इमारतीतच जिन्याच्या पोकळीत फेकून मारलं. मी हे तुझ्यापासून लपवणार नाही. तू पत्रकारितेला गेलीस तेव्हा बाबा तुझ्या रात्रपाळीची काळजी करत होते, मी मात्र या माणसांची नावं मनात घेऊन बसले होते. अजूनही तुझा फोन दोनदा वाजून उचलला गेला नाही की माझा हात थांबतो.

तरी मी तुला ते पान सोड म्हणत नाही, त्याचं कारण सांगते. तू बारावीत होतीस, आठव. इथल्याच भागातली एक पतसंस्था बुडाली. आपल्या कारखान्यातल्या सात जणींचे त्यात पैसे होते. भिशी फुटली की तिथे, मुलीच्या लग्नाचे तिथे, नवऱ्याच्या अपघाताचे मिळालेले तेही तिथे. थोरली काकी रोज कामावरून सुटली की एसटीने जाऊन बंद शटरसमोर उभी राहायची. पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोलक्यात. तिचे हात तुला ठाऊक आहेत, टरफलाच्या तेलाने बोटांची टोकं काळी पडून कातडी निघालेली, राख लावून लावून कोरडी झालेली. त्या बोटांनी तिने ते पासबुक मला उघडून दाखवलं, एकेक नोंद वाचून घेतली. बावीस हजार चारशे रुपये. शटर पडायच्या आदल्या आठवड्यापर्यंत एका वर्तमानपत्रात त्या संस्थेच्या वार्षिक सभेचा फोटो होता, ठेवींवरच्या व्याजाची जाहिरात होती. तिथे गेली दोन वर्षं लेखापरीक्षण नीट होत नव्हतं, हे पाच-सहा माणसांना ठाऊक होतं असं नंतर कळलं. ते कुणीच लिहिलं नाही. ते वाचून काकीने पैसे काढले असते की नाही, मला माहीत नाही. पण तिला वाचायला मिळायला हवं होतं. ती अक्षरं जुळवून वाचते, पण वाचते.

राजकारणाच्या पानावर तेव्हा कोण कुठल्या गटात गेला ते रोज येत होतं. तेही लागतं. काकीचे बावीस हजार मात्र तुझ्या पानावरच वाचू शकले असते.

तू आकडेमोड म्हणालीस ना, तर आपण बी घेताना काय करतो ते जरा आठव. दलाल सांगतो तो आउटटर्न, म्हणजे बीतून चांगला गर किती निघेल तो आकडा, आपण कधी मानत नाही. प्रत्येक गाडीतून दहा-बारा पोती निवडायची, त्यांतली तळाचीही, नुसती वरची नाहीत. बांबू खुपसून नमुना काढायचा. एक किलो बी मोजून घ्यायची आणि एकेक फोडायची. चांगला गर एकीकडे, डागी एकीकडे, कोवळा एकीकडे, पोकळ एकीकडे. मग वजन. तू लहानपणी पोकळ बियांचा ढीग आपल्या वाट्याला घ्यायचीस आणि खेळायचीस. तुझ्या टेबलावर जे पत्रक येतं ते दलालाचं तोंडचं वजन आहे. त्यात तळाचं पोतं कुठलं ते शोध. काजूच्या बातमीत ते शिरोड्याच्या बागायतदाराचं असेल, कटरवर बसलेल्या बाईचं असेल, आणि कदाचित आफ्रिकेतल्या बंदरावरच्या कुणाचं. कार्दोझ हेच करत होते. त्यांच्याकडे तुझ्यासारखं मोठं वर्तमानपत्रही नव्हतं, फॅक्सचं यंत्र होतं.

आणि माझ्या बाबतीतही हेच कर. आई आहे म्हणून माझा शब्द तसाच उचलू नकोस. आपल्या बायकांना किलोमागे किती देते, अखंड गराला किती आणि तुकड्याला किती, ते मला फोन करून विचार आणि मग त्यांनाही विचार. मी गेल्या दिवाळीत दर वाढवला, तो वाढायला हवा होता त्यापेक्षा कमी वाढवला, हे मला ठाऊक आहे. शुल्क शून्य झालं तर त्यातला किती पैसा मी खाली देईन, हे तुझ्या बातमीत कुणीतरी मला विचारायला हवं होतं. तू विचारलंस तर मी खरं उत्तर देईन. लिहायचं असेल तर लिही, माझं नाव घालून लिही.

एक अडचण मला कळते. तुमच्याकडे रोज पान भरायचं असतं, संध्याकाळी सहाला वरून हाक येते, आणि एका बातमीसाठी वेंगुर्ल्याला यायला कुणी सुट्टी देत नाही. मान्य. मग एकाच विषयाची एक वही ठेव. काजूची ठेव, किंवा तुला जे धरावंसं वाटेल त्याची, सहकारी बँकांची, माथाडींची. रोजच्या धबडग्यात त्या वहीत दोन ओळी पडल्या तरी पुरे. कार्दोझांनी काजू किती वर्षं धरून ठेवला, ते वर सांगितलंच.

इथे आता थंडी पडायला लागलीय. मागच्या परसातल्या वेंगुर्ला-चार जातीच्या काजूला पहिला मोहोर फुटलाय, या वर्षी लवकर. आजीचे गुडघे बरे आहेत. बाबा म्हणतात, बायला सांग जत्रेला ये, दशावताराला नवीन मंडळी येणार आहेत. सुट्टी मिळाली तर ये, आणि आलीस तर एक दिवस माझ्याबरोबर टेबलावर बस. लहानपणी बसायचीस तशी खेळायला नको, पूर्ण पाळी बस.

सोबत डबा पाठवतेय. वर ओल्या खोबऱ्याच्या वड्या आहेत, त्या लगेच संपव. खाली डब्ल्यू-२४० प्रतीचे एक किलो अखंड गर, आपल्याच बीचे, ऑफिसात वाट. आणि अगदी तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला तागाचा तुकडा आहे, तो चुकून फेकू नकोस. १९९७ च्या त्या पहिल्या पोत्याचा आहे. शाई फिकी झालीय, पण शेवटचा शब्द अजून वाचता येतो.

डबा परत आण.

तुझी
आई